यात्रेच्या दिवशीचं कुलूप

चैत लागला की लोकांना पालवी दिसते, कोकीळ ऐकू येतो. मला गावाच्या ग्रुपवरचा मेसेज येतो : यात्रेची वर्गणी लवकर जमा करावी. त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. मी फोन पालथा घालतो आणि दिवसभर कुणाशी धड बोलत नाही. माझी बायको रंजना हे ओळखून आहे. त्या दिवशी ती भाजी काय करू असंही विचारत नाही. जे केलं ते ताटात पडतं आणि मी निमूट जेवतो.

तसा मी रागीटच माणूस. सांगलीत विश्रामबागेतल्या एका कॉलेजच्या ऑफिसात तीस वर्षं कारकुनी केली. खिडकीच्या अलीकडे बसून पलीकडच्यांवर खेकसण्यात हयात गेली. पण तो राग पगारी होता, पाच वाजता संपायचा. चैतातला राग पगारी नाही. तो दुपारच्या झळांबरोबर येतो. उसाच्या ट्रॉल्या थांबलेल्या असतात, रस्त्याकडेला सांडलेल्या चिपाडांचा चुरा उडत असतो, वाऱ्याबरोबर यार्डाकडून हळदीचा वास येतो, आणि मला सांगलीत बसून साताऱ्यापलीकडचा, मेढ्याकडचा आमच्या गावचा डोंगर दिसायला लागतो. वणव्यानं काळा पडलेला, खाली करवंदीच्या जाळ्या, आणि फाट्यापासून गावापर्यंतचा तो तांबडा रस्ता. हे सगळं दिसू नये असं मला मनापासून वाटतं.

आमच्या गावची भैरोबाची यात्रा दोन दिवसांची. पहिल्या दिवशी पोळ्यांचा नैवेद्य आणि रात्री पालखी, दुसऱ्या दिवशी मटण. दुसऱ्या दिवशी कुणीही कुणाच्याही दारात जावं आणि जेवून उठावं. त्यांच्या गावच्या यात्रेला तुम्ही जायचं, तुमच्या यात्रेला त्यांनी यायचं. आमच्याकडे माणसाची ऐपत बघायची असेल तर त्या दिवशी त्याच्या दाराबाहेरच्या चपला बघतात. माझे वडील होते तेव्हा चपला पार गटारापर्यंत जायच्या.

हे लांबून गोड वाटतं. जवळून बघा. एक जण चार जणांना घेऊन येतो आणि ते चार जण कोण हे त्यालाही धड सांगता येत नाही. दुसरा मटणाची फोड दाबून बघतो आणि म्हणतो, ‘जरा कमीच शिजलंय.’ मिलिटरीतून सुट्टी काढून आलेला चुलतभाऊ अख्खं बकरं एकटा देतो आणि दिवसभर देवळापुढं छाती काढून फिरतो. आणि आपण घामानं चिंब होऊन ‘घ्या की, लाजू नका’ म्हणत वाढत असतो, मनात मात्र कुकरच्या शिट्ट्यांसारखे आकडे चाललेले असतात. आई-वडील गेल्यावर गावचं घर आम्ही या दोन दिवसांपुरतंच उघडायचो. वर्षभराची धूळ झाडायची, शंभर माणसं जेवू घालायची आणि परत कुलूप लावून सांगलीला यायचं. परत आल्यावर पुढचे दोन महिने माझा हात आखडलेला असायचा.

तीन वर्षांपूर्वी मी ठरवलं, बस झालं.

फ्लॅटचे हप्ते चालू होते. पोरीला नर्सिंगला घातलं होतं. त्या माघात आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये एक तरुण गृहस्थ कोट घालून आले आणि घरखर्चाचं नियोजन या विषयावर तासभर बोलले. खर्चाचे दोनच प्रकार असतात, म्हणाले, गरज आणि हौस. गरज भागवा, हौस तपासा. बाकीचे पेंगत होते. मी मात्र मान डोलवत होतो. इतकी साधी गोष्ट आपल्याला पन्नाशी उलटून गेल्यावर कुणीतरी सांगावी याची लाज वाटली. घरी येऊन मी कोरा कागद घेतला, पट्टी घेतली, बारा महिन्यांचे बारा चौकोन पाडले आणि प्रत्येकात दोन रकाने.

रंजना गवार मोडत समोर बसली होती. दूध, गॅस, हप्ता, फी हे सगळं गरजेत गेलं. रविवारची नदीच्या घाटावरची भेळ हौसेत गेली, ती म्हणाली चालेल. हापूस हौसेत गेला, तेही चालेल म्हणाली. मग यात्रा आली.

‘ही कशात?’ मी विचारलं.

‘कशातच नाही. ती असतेच,’ रंजना म्हणाली.

‘असं नसतं. दोनच रकाने आहेत.’

‘मग तुमच्या मनाला येईल तिथं लिहा.’

मी हौसेत लिहिली. पुढे कितीतरी दिवस मी लोकांना सांगत होतो की रंजनानं खोडा घातला, तिला गावचं नको असतं. कागदावरचं अक्षर माझं आहे. तो कागद अजून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे, खरवडला तर रंग निघेल म्हणून तसाच ठेवलाय.

मी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. तो कागद पाळण्यात मला मजा आली. भयंकर मजा आली. न घेतलेल्या वस्तूची एक वेगळीच झिंग असते. आंबेवाल्यासमोरून मान ताठ ठेवून जायचं. पोरीनं नवी सॅंडल मागितली की कागदाकडे बोट दाखवायचं, तोंड उघडायचंच नाही. शेजारच्यांनी कूलर घेतला तेव्हा मी ओल्या चादरीखाली झोपून त्यांची कीव केली. रंजनानं एकदा हळदीकुंकवाला चार बायका जास्त बोलावल्या, तर मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. महिनाअखेरीला चौकोनात रक्कम उरली की मी ती लाल पेनानं लिहायचो आणि पुन्हापुन्हा बघायचो. इतका नालायकपणा इतक्या शिस्तीत मी त्याआधी कधी केला नव्हता.

आणि त्यात पुन्हा बाकीच्यांच्या यात्रा होत्याच. तिकडे जायला खर्च लागत नाही. रंजनाच्या माहेरी वाळव्याकडे गेलो, तिथं जेवलो. ऑफिसातल्या एकाच्या गावी तासगावकडे गेलो, तिथं जेवलो. मिरजेच्या बाजूला एकाच आठवड्यात दोन ठिकाणी. चुलीवरच्या रश्शाचा तो वास, भाजलेल्या कांदाखोबऱ्याच्या वाटणाचा, मांडवाखाली बूड टेकायला जागा नाही, आणि यजमान हात जोडून म्हणतोय, ‘आवं, अजून एक भाकरी घ्या की.’ मी घेतली. दोन ठिकाणी तर डबाही भरून आणला. त्या महिन्याच्या चौकोनात रविवारच्या मटणाची ओळ पूर्ण रिकामी राहिली आणि मी रंजनाला ती कौतुकानं दाखवली. तिनं बघितलं आणि चहा टाकायला उठली.

मग आमची यात्रा आली. मी ऑफिसातल्यासारखं नीट काम केलं. दरवर्षी ज्यांना आवतण जातं त्यांची यादी काढली, आणि एकेकाला मेसेज पाठवला : ‘काही घरगुती अडचणीमुळे यंदा यात्रेनिमित्तचा भोजनाचा कार्यक्रम रद्द करण्यात येत आहे, तरी कृपया नोंद घ्यावी.’ ज्यांच्याकडे तसला फोन नाही त्यांना फोन केला. दोन-तीन म्हातारे सापडले नाहीत. गावात शेजारी भावकीतले नाना राहतात, त्यांना खरं ते सांगून टाकलं की यंदा खर्च परवडत नाही. नाना ‘बरं’ म्हणाले. यादीवर शेवटची खूण केली आणि हात झटकले.

त्या यादीत माझी सख्खी बहीण नव्हती.

आक्का माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. कोरेगावजवळ दिलेली. बाकी वर्षभर तिला घर सोडता येत नाही, म्हशी आहेत, नवऱ्याचं दुखणं आहे. माहेरी यायचा तिचा दिवस म्हणजे यात्रेचा दुसरा दिवस. सकाळच्या पहिल्या एसटीनं निघायची, साताऱ्यात गाडी बदलायची, मेढ्याच्या पुढं फाट्यावर उतरून चालत यायची. पिशवीत स्वतःची विळी फडक्यात गुंडाळलेली, कारण आमच्या घरातल्या विळीवर तिचा विश्वास नाही. आली की पदर खोचून थेट चुलीपाशी. रंजनाला दटावायची, मला दटावायची, आलेल्या पाहुण्यांनाही सोडायची नाही. रंजनाला तो दिवस जड जायचा, मलाही कधीकधी जायचा. पण तिला कुणी कधी आवतण दिलेलं नाही. माहेरवाशिणीला आमच्याकडे आवतण देत नाहीत. तिला ये म्हणणं म्हणजे हे तिचं घर नाही असं सांगणं. आणि ज्या माणसाला कधी ये म्हटलेलं नाही, त्याला येऊ नको म्हणायचं डोक्यातच येत नाही. निदान माझ्या आलं नाही.

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सांगलीच्या फ्लॅटमध्ये दोडक्याची भाजी खाल्ली. मी दुपारी झोपलो. संध्याकाळी वडिलांचे जुने मित्र, मेढ्याकडच्याच कुडाळचे दगडूतात्या, यांचा फोन आला. यादीतले न सापडलेले एक तेच.

‘बाबूराव, कसं हाय आता?’

‘बरंय तात्या. का?’

‘लय बोलू नगा. टाकं वलं असत्यात अजून.’

मला काही कळेना. तात्या सांगत राहिले की आक्कानं सगळं सांगितलं, अपेंडिक्सचं काय वाईट, पोटात फुटलं असतं तर, भैरोबानं राखलं. आणि जेवण झकास झालं होतं म्हणाले.

मी नानांना फोन लावला. नाना आधी बोलायला तयार नव्हते. मग बोलले.

‘आक्का आली पैल्या गाडीनं. कुलूप बघून पायरीवर बसली. मी जाऊन सांगितलं तू काय म्हणलास ते. म्हणलं आमच्यात चल. तर म्हणली, मी माझ्या बाच्या दारात आले हाय. कुलूप तोडू का म्हणलं. म्हणली, नगं, त्येचं कुलूप हाय. तेवढ्यात तात्या आलं कुडाळचं, आन अजून दोघं-चौघं. आक्का उठली. माझ्याकडनं पातेली मागितली, दारातच तीन दगड मांडलं, मटण आणलं. तुझ्या दारात अकरा माणूस जेवलं बाबू. समद्यांला सांगितलं, बाबूचं आप्रीशन झालंय. मी गप बसलो.’

त्या वेळी मला काय वाटलं ते मी खरं सांगतो. लाज नंतर वाटली. आधी राग आला, आक्काचा. मी सरळ, चोख, पट्टीनं आखून एक गोष्ट केली होती आणि तिनं तीन दगड मांडून ती उधळून लावली. मी तिला फोन केला आणि ओरडलो.

‘मला आजारी कशाला पाडलंस?’

तिकडं मागं म्हैस हंबरत होती.

‘मग काय सांगायचं हुतं?’ ती म्हणाली. ‘तूच सांग. तसं सांगते.’

 फोन तिनंच ठेवला.

मग दोन आठवडे मी आजारी होतो. पाहुणे तब्येत बघायला यायला लागले. मेढ्याकडून, साताऱ्याकडून, अगदी रंजनाच्या माहेरचेसुद्धा. बेल वाजली की मी धावत जाऊन पलंगावर पडायचो आणि सांगलीच्या त्या उन्हाळ्यात गळ्यापर्यंत चादर ओढायचो. माणसं खुर्ची जवळ ओढून बसायची, मोसंबी ठेवायची, आपापल्या अपेंडिक्सच्या हकिकती सांगायची. एका गृहस्थांनी टाके बघायला मागितले. मी पोटावर हात दाबून धरला आणि त्यांच्यावर असा ओरडलो की ते चहा अर्धा टाकून गेले. चहा, पोहे, लांबून आलेल्यांना जेवण. यात्रेला वाचवलेलं त्यात बरंचसं गेलं. एकदा रात्रीची भांडी घासताना रंजना पाठमोरी म्हणाली, ‘हे गरजेत लिहू की हौसेत?’ मी तिला जे बोललो ते इथं लिहीत नाही. ती चुकीचं काहीच म्हणाली नव्हती.

आता कुणी मला सांगायला येतं, खर्चाला शिस्त लावा, तर मी त्यांना दारातूनच वाटेला लावतो. शिस्त वाईट नाही. हप्ते फिटले, पोरगी नर्स झाली, हे त्या कागदामुळेच झालं आणि ते मी नाकारत नाही. पण दोनच रकाने पाडणाऱ्या त्या कोटवाल्याला मला एकदा आमच्या फाट्यावर उतरवायचंय. त्याच्या हातात पिशवी द्यायची, तांबड्या रस्त्यानं उन्हात चालवायचं आणि बापाच्या दाराला कुलूप दाखवायचं. मग विचारायचं, सांग, हे कुठं लिहू. त्याच्यावर चिडलं की बरं वाटतं. तेवढा वेळ स्वतःवर चिडावं लागत नाही.

पुढच्या चैतात मी यात्रा दणक्यात केली. दुप्पट मटण सांगितलं, मांडव घातला, तात्यांच्या शेजारी बसून जेवलो, पोट आता बरं आहे असं सगळ्यांना सांगत फिरलो. चपला गटारापर्यंत गेल्या. आक्का आली नाही. गुडघे दुखतात, असा निरोप आला. त्याच्या पुढच्या वर्षीही गुडघेच होते. रंजनानं चुलीपाशी बसून एकटीनं रस्सा ढवळला. तिला दटावायला कुणी नव्हतं आणि तिचे डोळे सारखे फाट्याच्या दिशेनं जात होते. मी विचारलं तर म्हणाली, धूर लागतोय.

या वर्षी मेसेज आला तसा मी चार दिवस घुसमटलो आणि गेल्या रविवारी कोरेगावची गाडी धरली. पाकिटात पैसे घातले होते. नानांना विचारून त्या दिवशीचं मटण, तांदूळ, तेल, सगळ्याचा अंदाज काढला होता आणि वर थोडे जास्त. वाटेत स्वतःला सांगत होतो, ती घेणार नाही. हात झटकेल, शिव्या देईल, पाकीट माझ्या अंगावर फेकेल. मग मी तिचे पाय धरीन. मग ती रडेल, आणि यंदा येईल. एसटीच्या खिडकीतून गरम धूळ तोंडावर येत होती आणि मला तीन वर्षांत पहिल्यांदा बरं वाटत होतं.

आक्का अंगणात सांडगे घालत होती. हात पिठानं भरलेले. ‘आलास? बस,’ म्हणाली. सुनेला पाणी आणायला सांगितलं. मी पाणी प्यालो, भावजींची चौकशी केली, म्हशीची केली. मग पाकीट काढून तिच्यापुढं ठेवलं.

‘कसलं?’

‘त्या वर्षीचं. तू खर्च केलंस ते.’

तिनं पाकिटाकडं बघितलं. सांडगे घालत राहिली.

‘त्या दिवशी फाट्यावरनं येताना लांबनंच कुलूप दिसलं,’ ती म्हणाली. ‘मला वाटलं तुझं काय तरी बरंवाईट झालं आन मला कुणी कळवलं न्हाई. पायरीवर बसून मोठ्यानं रडले रं मी. दवाखान्यात नेलं असंल, आप्रीशन असंल, काय काय आलं डोक्यात. मग नाना आला. म्हणला, रडू नगं, तो धड हाय, खर्च वाचवतोय.’

मी खाली बघत होतो. सांडग्यांची रांग सरळ चालली होती.

‘लोकास्नी काय सांगायचं ते शोधावं लागलं न्हाई मला. जे मनात भ्याले हुते तेच सांगितलं. पण त्यावक्ती जे रडायचं थांबलं, ते तुझ्यासाठी परत आलंच न्हाई बघ. मी लय बघितलं. न्हाई येत.’

‘आक्का, यंदा ये,’ मी म्हणालो.

ती उठली, बादलीत हात धुतले, पदराला पुसले. पाकीट उचललं, नोटा बाहेर काढल्या आणि अंगठ्याला थुंकी लावून एकेक नोट मोजली. ओठ हलत होते. मोजून झाल्यावर तिनं तीन नोटा बाजूला काढल्या, बाकीच्यांची नीट घडी घालून कनवटीला लावली.

‘हे जास्त हाईत,’ ती म्हणाली आणि त्या तीन नोटा माझ्यापुढं धरल्या. ‘आता तुझं माझं काय न्हाई.’

मी त्या घेतल्या.